तिसरं मैदान

कुलूपकाकूंच्या तोंडी लागू नये, हे त्या भागातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. बाजाराच्या मागच्या गल्लीत, चष्म्याचं दुकान आणि बंद पडलेला छापखाना यांच्या मधोमध, हात पसरले तर दोन्ही भिंतींना टेकतील एवढं त्यांचं दुकान. भिंतीवर खिळ्यांना अडकवलेल्या कोऱ्या किल्ल्या, पुढे किल्ली घासायचं यंत्र आणि यंत्रामागे स्टुलावर काकू. एखादं गिऱ्हाईक म्हणालंच, "जरा लवकर होईल का?" की काकू यंत्र बंद करत आणि विचारत, "एवढी घाई होती तर हरवलीत कशाला?" गिऱ्हाईक मुकाट्याने बाकावर जाऊन बसे.

हे काम त्यांच्या वडिलांचं. वडील मुलाला शिकवायला बघत होते, तर मुलगा हाताला लागत नव्हता, आणि मुलगी मात्र न बोलावता शेजारी येऊन बसायची. "हे बायकांचं काम नाही," असं वडील एकदा म्हणाले. मुलीने त्यांच्याच पेटीचं कुलूप त्यांच्याच डोळ्यांदेखत केसातल्या आकड्याने उघडलं आणि विचारलं, "मग हे कुणी केलं?" दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांनी कानस तिच्या हातात दिली. काकूंचा अख्खा स्वभाव या एका गोष्टीत आला. त्यांना नाही म्हणणं म्हणजे त्या कामाचा नारळ फोडण्यासारखंच. लग्नानंतर सासरच्यांनी 'आता दुकान पुरे' म्हटलं, तेव्हा काकूंनी दुकान आणखी उशिरापर्यंत उघडं ठेवायला सुरुवात केली. नवरा बस चालवायचा, शांत माणूस. त्याने घाट कुठे आहे ते ओळखलं आणि गाडी कायमची हळू घेतली.

डिस्क गोल्फचं वेडही काकूंना असंच भांडणातून लागलं. पाण्याच्या टाकीमागच्या सपाट मैदानावर नगरपालिकेने लोखंडी खांब रोवले होते. प्रत्येक खांबाला वरून साखळ्यांचा झुबका सोडलेला आणि खाली जाळीची टोपली. खेळ साधा. हातात ताटलीएवढी चकती घ्यायची, सिमेंटच्या ओट्यावरून फेकायची, पडेल तिथून पुन्हा फेकायची, आणि कमीत कमी फेकींत लांबच्या साखळ्यांत घालायची. असं करत एकेक खांब संपवायचा. यात पंच नसतो. आपल्या फेकी आपणच मोजायच्या आणि खरं सांगायचं. तर तिथल्या साखळ्या तुटल्या म्हणून काकूंना जोडायला बोलावलं. काम झाल्यावर त्या उभ्या राहून बघू लागल्या, तर एक दाढीवाला तरुण हसून म्हणाला, "काकू, हे तुमच्या वयाला जमायचं नाही."

झालं. काकूंनी त्याच्या हातातली चकती घेतली आणि फेकली. ती थेट बाभळीत गेली. काकूंनी ती काट्यांतून काढली, पुन्हा फेकली, पुन्हा काढली. त्या दिवशी दुकान उघडलंच नाही. पुढे काही वर्षांनी त्याच तरुणाला काकूंनी सलग तीन डाव हरवलं आणि प्रत्येक वेळी त्याला त्याचं वय विचारलं.

त्या भागात अशी मैदानं तीन झाली. एक टेकडीवर, एक नदीकाठी आणि एक हे टाकीमागचं, सगळ्यांत जुनं. टेकडीवरचं देखणं. स्पर्धा तिथेच व्हायच्या. नदीकाठचं नवं, पण रस्त्यावरून खाली उतरायला उभ्या पायऱ्या. काकू एकेकाळी तिन्हीकडे खेळत. मग हळूहळू त्या टाकीमागेच दिसू लागल्या. कुणी विचारलं तर म्हणत, "टेकडीवर नुसता वारा आणि नदीवर नुसते डास." लोक मान डोलवत. काकूंचा उजवा गुडघा केव्हाच कामातून गेला होता, हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हासुद्धा त्या 'पायाला जरा रग लागते' एवढंच म्हणाल्या होत्या.

सकाळचा तो एक तास त्यांचा होता. दिवसभर लोक येऊन म्हणायचे, हे उघडा, ते उघडा, दार लागलं, कपाट अडकलं. मैदानावर त्यांना काही उघडायला सांगणारं कुणी नव्हतं. फक्त चकती, साखळी, आणि साखळीत चकती गेली की होणारा तो छनछन आवाज. त्या आवाजासाठी काकू रोज उठत होत्या, असं म्हटलं तरी चालेल.

आता त्यांनी हा तास राखला कसा, ते सांगायला हवं, कारण गोष्ट तिथेच फसली. या खेळात रिवाज आहेत. कुणी फेकत असताना बाकीच्यांनी बोलायचं नाही. ज्याची चकती साखळ्यांपासून सर्वांत लांब पडली, त्याने आधी फेकायचं. काकूंना रिवाज पाठ होते आणि ते पाळायला लावायची हौस त्याहून मोठी. इस्पितळातल्या परिचारिका रात्रपाळी संपवून हसत खिदळत खेळायला यायच्या. काकूंनी त्यांना एकदा खडसावलं, दोनदा खडसावलं, तिसऱ्या वेळी म्हणाल्या, "गप्पाच मारायच्या तर घरी जाऊन मारा, खुर्च्या तरी मिळतील." त्या पुन्हा आल्या नाहीत. पाववाल्याने नंबर सोडून चकती फेकली, तर काकूंनी ती उचलून त्याच्या हातात दिली आणि भर मैदानात सांगितलं, "दुकानात रांग मोडलेली चालते का तुम्हाला?" तोही गेला. मुलं साखळ्यांना लोंबकळायची, ती गेली. त्यांच्या आया गेल्या.

आणि सून. नवी नवी असताना ती मोठ्या हौसेने सासूबरोबर आली. पहिलीच फेक तिरकी गेली, दुसरी काकूंच्या पायाशी पडली. काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अगं, चकती आहे ती, पोळपाट नाही." लोक हसले. सून दुसऱ्या आठवड्यापासून टेकडीवर जाऊ लागली, आणि पुढच्या वर्षी तिथली स्पर्धा जिंकून घरी कप घेऊन आली. कप दिवाणखान्यात ठेवला, बरोबर काकूंच्या खुर्चीसमोर.

प्रत्येक वेळी काकू नियमाने बरोबर होत्या. बरोबर असण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. शेवटी मैदानावर त्या एकट्या उरल्या आणि त्यांना वाटलं, किती छान शांत झालं. लोक मागे त्यांना मैदानाचं कुलूप म्हणत. त्यांच्या कानावर ते आलं होतं, आणि त्यांना ते आवडलंही होतं.

मग एका मंगळवारी सकाळी नियोजन खात्यातली अधिकारी आली. तरुण होती, बुटांवर धूळ, खांद्याला पिशवी. ओट्याजवळच्या दगडावर बसून ती बराच वेळ नुसती बघत राहिली. काकूंना बघे आवडत नसत.

"काही हवंय?"

"नाही. इथे रोज कोण कोण येतं, ते बघतेय."

"मी येते."

"आणखी?"

"आणखी कशाला कोण हवं?"

अधिकारी हसली नाही. तिने सरळ सांगून टाकलं. बाजारात गाड्या लावायला जागा नाही, आणि नगरपालिकेची नजर या सपाट जागेवर आहे. पण आधी या भागात डिस्क गोल्फची मैदानं पुरेशी आहेत की नाहीत, ते ठरवायचंय, आणि ठरवायचं काम तिचं.

"मग कसं ठरवता ते?" काकूंनी विचारलं. "पाऊणशे माणसांमागे एक खांब, असं?"

"नाही. मी पहिल्या ओट्यावर उभी राहते. लोकांना थांबावं लागत असेल तर मैदानं कमी. थांबावं लागत नसेल तर पुरेशी. टेकडीवर थोडंसं थांबावं लागतं, नदीवर तेवढंही नाही. आणि हे तर रिकामंच आहे."

"रिकामं नाही. शांत आहे."

"काकू, शांतता मोजायची सोय माझ्याकडे नाही." ती उठली. "मी पुन्हा येईन. रविवारी बघितल्याशिवाय मी काही लिहीत नाही. कुठल्या रविवारी ते मात्र सांगणार नाही."

काकूंनी त्या दिवशी पहिल्यांदाच डाव अर्धवट सोडला. दुकानात आल्या, यंत्र सुरू केलं आणि एक चांगली किल्ली चुकीची घासून ठेवली. राग कुणावर काढावा तेच कळेना. अधिकारी शहाणी होती, तिचा हिशेबही सरळ होता. मैदान रिकामं होतं, कारण ते काकूंनी रिकामं केलं होतं. आता गाड्या येतील, खांब उपटतील, आणि टेकडी चढता येत नाही म्हणून काकू कायमच्या घरी बसतील. त्या यंत्रासमोर बसल्या बसल्या मोठ्याने म्हणाल्या, "बसणार नाही." बाकावरचं गिऱ्हाईक दचकून उठलं.

रात्री नवऱ्याने तोडगा काढला. "आमच्या डेपोतले सगळे निवृत्त चालक आणतो. चहा पाजू. रांगेत उभं राहायचं तर काम, जन्मभर दुसऱ्यांना रांगेत उभं केलंय त्यांनी."

"त्यांना खेळता येतं?"

"खेळायचं कुठे, उभं राहायचंय."

"अहो, या खेळात फेकी आपणच मोजतो. पाच झाल्या तर चार सांगत नाही. मग माणसं खोटी कशी मोजून दाखवू? जायचं तर मैदान जाईल, पण खोट्या रांगेने राहिलेलं मला नको." नवरा कूस बदलून झोपला. काकूंना झोप लागली नाही.

सकाळी त्या पाववाल्याकडे गेल्या. भट्टीसमोर उभा राहून तो घामाघूम झालेला. काकूंना बघून त्याने सवयीने पाव पुढे केला.

"पाव नको. रविवारपासून मैदानावर येत जा."

पाववाल्याने हातातलं फळकुट खाली ठेवलं. "तुम्हीच तर हाकललं होतं मला."

"मीच हाकललं. आता मीच बोलावतेय. हाकलायचा हक्क कुणी दिला होता मला? तो घेतला, तसा बोलावण्याचाही घेतेय."

"म्हणजे माफी मागताय का?"

"ते तुम्हाला काय समजायचं ते समजा. चकती आहे ना अजून? का तीही विकली?"

पाववाला हसायला लागला. चकती होती. घरात त्याची आई तिच्यावर लसूण निवडत होती.

इस्पितळाच्या दाराशी काकू पाळी सुटायच्या वेळी जाऊन उभ्या राहिल्या. परिचारिका बाहेर आल्या, त्यांना बघून एकमेकींच्या मागे सरकल्या. काकू म्हणाल्या, "मैदान जातंय. टिकवायचं असेल तर या." एकीने धीर करून विचारलं, "आणि आम्ही बोललो तर?" काकूंचा गुडघा ठणकत होता, उभं राहवत नव्हतं, आणि एवढ्या वर्षांचा हेका सोडणं त्याहून जड जात होतं. "बोला," त्या म्हणाल्या. "मी दात ओठ खाईन, पण तुम्ही बोला."

त्यांनी असा सगळा भाग पालथा घातला. कुठे दाराआडून बघून दार उघडलंच नाही. कुलूप उघडायला काकूंना कितीसा वेळ, पण तो मोह त्यांनी आवरला. एका बाईने सरळ सुनावलं, "माझं पोर तुमच्या ओरडण्याने झोपेत दचकायचं." काकूंनी ते ऐकून घेतलं. घरी येताना त्यांना रडू आलं, आणि आपण रडतोय याचा राग आला, आणि त्या रागात त्या आणखी दोन घरी जाऊन आल्या.

सगळ्यांत अवघड घर त्यांचं स्वतःचं. सून स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. काकू दारात उभ्या राहिल्या.

"रविवारी टाकीमागे येशील?"

"तिथे पोळपाट फेकलेला चालतो का?" सुनेने मागे वळून बघितलंही नाही.

हा टोला काकूंना बसायचा तिथे बसला. त्या म्हणाल्या, "ते मी बोलायला नको होतं."

सुनेचा हात थांबला. या घरात हे वाक्य आजवर कुणी ऐकलं नव्हतं. ती म्हणाली, "आई, ते मैदान गेलं तर तुम्ही टेकडीवर या की. मी नेते."

"मला टेकडी आवडत नाही. वारा असतो."

"तुम्ही जिना तिरक्या होऊन उतरता. कठड्याला दोन्ही हातांनी धरून. मला दिसतं."

"माझ्या गुडघ्याचं नाव काढायचं नाही."

"मी जिन्याचं नाव काढलं," सून म्हणाली आणि पुन्हा भांडी पुसू लागली. येणार की नाही, ते तिने सांगितलं नाही.

पहिल्या रविवारी थोडी माणसं आली, अधिकारी आली नाही. पुढच्या रविवारी जास्त आली, कारण पाववाल्याने आईला आणलं आणि आईने शेजारणीला. परिचारिका खिदळत होत्या. काकू जबडा आवळून उभ्या होत्या, एकदा तर हात तोंडावर ठेवून. लोंबकळणारी मुलं बघून त्यांनी घरून जुनी साखळी आणली आणि बाजूच्या झाडाला बांधून दिली, "यावर काय करायचं ते करा." अधिकारी त्याही रविवारी आली नाही. आणि मग लोक रविवारची वाट न बघता मधल्या दिवसांतही येऊ लागले. काकूंचा शांत तास संपला. त्यांना तो हवा होता, अजूनही हवा होता, आणि तो गेल्याचं त्या नवऱ्याजवळ रोज रडगाणं गात होत्या.

अधिकारी आली त्या रविवारी पहिल्या ओट्यापासून टाकीच्या भिंतीपर्यंत रांग होती. ती पिशवी घेऊन रांगेच्या कडेने चालत आली. काकू रांगेत अगदी मागे. एकट्या खेळणाऱ्याने गटाला पुढे जाऊ द्यायचं, असा रिवाज. काकू एकट्या, म्हणून गटांवर गट त्यांना ओलांडून पुढे जात होते.

"ही माणसं तुम्ही आणलीत," अधिकारी म्हणाली.

"मी आणली. आणि तुम्ही आलात तेव्हा नव्हती, ती मी हाकलली होती म्हणून. ते रिकामेपण मैदानाचं नव्हतं, माझं होतं. हेही लिहा."

अधिकारी त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं. रांग आहे, मान्य. पण काकू, नदीवर आत्ता ओटा मोकळा आहे. ही रांग तिकडे गेली तर कुणालाच थांबावं लागणार नाही. मग मैदानं पुरेशीच झाली." आणि तिने आवाज चढवून रांगेलाच विचारलं, "इथलं मैदान गेलं तर तुमच्यापैकी कुणाला टेकडीवर किंवा नदीवर खेळता येणार नाही?"

कुणाचाच हात वर गेला नाही. खेळच तसा, खोटं कोण बोलणार? पाववाला धट्टाकट्टा. परिचारिका तर पाळीभर जिने चढतात. प्रत्येकजण दुसऱ्याकडे बघू लागला. अधिकारी थांबली होती. खूप थांबली असं काकूंना वाटलं. त्यांना आपल्या वडिलांपासूनचे सगळे आठवले, ज्यांनी ज्यांनी 'तुला जमायचं नाही' म्हटलं होतं. त्या सगळ्यांना जन्मभर खोटं पाडलं, आणि आता तेच शब्द आपल्या तोंडाने, एवढ्या माणसांसमोर. काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी हात वर केला.

"मला," त्या म्हणाल्या. आवाज अगदी भांडायला निघाल्यासारखा. "मला टेकडी चढता येत नाही. नदीच्या पायऱ्या उतरता येत नाहीत. गुडघा गेलाय माझा. कधीचाच गेलाय. वारा नि डास सगळं खोटं."

कुणी हसलं नाही. मग पाववाल्याच्या आईने हात वर केला, "मला दम लागतो." परिचारिकांतल्या एकीने केला. तिच्या कमरेत शस्त्रक्रियेत घातलेले खिळे होते, आणि तिच्या मैत्रिणींनाही ते ठाऊक नव्हतं. त्यामागे एका म्हाताऱ्याने, मग त्या दचकणाऱ्या पोराच्या आईने, पोर कडेवर होतं म्हणून. हात वर जात राहिले. एवढी माणसं आजवर गुपचूप वाऱ्याला आणि डासांना नावं ठेवत घरी बसली होती.

रांगेच्या पुढच्या टोकाला सून उभी होती. काकूंना ती आल्याचंही कळलं नव्हतं. अधिकारी तिला ओळखत होती, टेकडीवर बघितलेलं. तिने विचारलं, "तुमचं काय? तुम्ही तर तिथे जिंकता."

"मी चढते की," सून म्हणाली. "रोज चढेन. फक्त सासूबाईंना खांद्यावर घेऊन चढता येणार नाही, आणि मला खेळायचंय ते यांच्याबरोबर."

अधिकारीबाईने पिशवीची चेन लावली. "पुरेशी नाहीत," ती म्हणाली. "मी तसंच लिहिणार. वर काय ठरेल ते ठरो, माझं मत हेच."

"वर ठरवणाऱ्यांना सांगा, चौथं पण सपाटीवर करा," काकू म्हणाल्या. "आणि ते नाही म्हणाले तर मला सांगा. त्यांच्या कचेरीला कुठलं कुलूप आहे, मला माहीत आहे."

लोक हसले. काकू रांगेच्या कडेने लंगडत पुढे सुनेकडे निघाल्या, आता न लपवता, सरळ सगळ्यांसमोर लंगडत. सुनेने हात पुढे केला. काकूंनी तो झटकला, दोन पावलं गेल्या, थांबल्या, आणि स्वतःहून तिचा दंड घट्ट धरला.

"खांद्यावर म्हणे," त्या पुटपुटल्या. "चल. आज तुला हरवते."